अम्माची फाइल

आमच्या दुकानाच्या भिंतीवर दोन रेषा आहेत. खालची २००५ च्या पुराची, वरची २०१९ च्या. खालची रेषा आम्ही स्वतः खडूनं आखली होती, मग तिच्यावर रंग दिला आणि तिच्या हातभर वर एक फळी ठोकून घेतली. त्या फळीवर कॉम्प्युटर, सीडींचा बिस्किटाचा डबा आणि अम्माची वही. एकदा आलेलं पाणी पुन्हा आलं तरी तेवढंच येईल, असा आमचा हिशेब. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. आमची फळी, फळीवरचं सगळं आणि आमचा हिशेब पाण्याखाली गेला.

पुराचं दुःख सगळ्या गल्लीला होतं, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं? लिहायचं आहे ते त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल. त्या तीन महिन्यांत आम्हाला कळलं की नवं यंत्र विकत घेणं सोपं असतं. जुन्या यंत्रात आपण काय काय सोडून आलो, हे कळणं अवघड असतं.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला टाइप करतो, धाकटा पानं लावतो. अब्बा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं वाचायची त्यांना एवढी सवय की घरी सुलटं वर्तमानपत्र वाचताना क्षणभर अडायचे. १९९६ साली आम्ही कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, त्यावर पेजमेकर आणि मराठी फॉन्टचा संच. अब्बा बघायला आले. ‘कि’ टाइप करताना आधी वेलांटी, मग ‘क’ असं चाललेलं त्यांनी पाहिलं आणि हसले. म्हणाले, “हे तर खिळेच आहेत की! फक्त शिसं काढून घेतलंय.”

त्यांचं बरोबर होतं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे अक्षरांचे तुकडेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर कुणी काना बसवलेला, कुणी अर्धा ‘स’, कुणी रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये नेलं की मराठीचा चुथडा व्हायचा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. तिथं तुकडे नसतात, अक्षर ज्या क्रमानं उच्चारतो त्याच क्रमानं साठवलं जातं. पण आमच्यासारख्या गल्लीतल्या दुकानापर्यंत ते यायला पुष्कळ वर्षं गेली.

पेजमेकरची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. मग २००७ मध्ये आम्ही इनडिझाइन सीएस-३ घेतलं. त्या प्रोग्रॅमला त्या वेळी आपली मराठी येत नव्हती. म्हणून एका कंपनीकडून प्लग-इन घेतला. प्लग-इन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला वरून लावलेली जोड. शिलाई मशीनला काज करायचा वेगळा पाय लावतात ना, तसंच. मशीन परक्याचं, जोड आपल्या गरजेची. हा प्लग-इन मराठी टाइप करू द्यायचा, ओळीच्या शेवटी शब्द नीट तोडायचा आणि जोडाक्षरं एका पूरक फॉन्टमधून ऐनवेळी आणून बसवायचा. सोबत एक डोंगल मिळालं, बोटाएवढं हार्डवेअर लॉक. ते लावलं तरच प्लग-इन चालायचा. बारा वर्षं आम्ही त्या जोडीवर काम केलं. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, उरुसाची पत्रकं, रमजानची सहरी-इफ्तारची वेळापत्रकं, कविता, आणि यासारख्या अंकांची पानं. मधे २०१२ मध्ये सीएस-६ आलं, त्यात मराठीची सोय प्रोग्रॅममध्येच होती. २०१३ पासून वर्गणी भरून वापरायच्या आवृत्त्या आल्या. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीला मिळणारा आधार थांबला. आम्ही ऐकून होतो. पण चाललंय ना? मग हात कशाला लावायचा? आणि बदललं तर प्लग-इन चालणार नाही, हे कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं. तेवढी भीती आम्हाला पुरेशी होती.

आता अम्माबद्दल. ती खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. शाळा दुसरीपर्यंत. तिला शेकडो ओव्या पाठ होत्या, तिच्या आईच्या, आजीच्या, काही तिच्या स्वतःच्या. त्या ओव्यांत रसूलही होता आणि विठ्ठलाला निघालेली शेजारीणही. माहेरचा दर्गा, बैलपोळा, मोहरमची सवारी, सासरचा जाच, सगळं एकाच जात्याखाली दळलेलं. आमच्या दुकानात येणारी शिकलेली माणसं कधीकधी कौतुकानं म्हणतात, “तुम्ही मराठी फार छान बोलता हो!” आम्ही ‘हो, हो’ म्हणतो. अम्माला कुणी असं म्हटलं असतं तर तिला त्याचा अर्थच कळला नसता. तिला दुसरी कुठली भाषा धड येत होती?

२००८ मध्ये आम्ही तिच्या २१० ओव्यांचं छोटं पुस्तक केलं. नातेवाइकांत वाटण्यापुरत्या दोनशे प्रती. पुस्तक हातात पडलं आणि अम्मा म्हणाली, “आणि त्या ऱ्हायलेल्या?” मग ती सांगत गेली, थोरला वहीत उतरवत गेला आणि रात्री दुकानात येऊन त्याच फाइलमध्ये घालत गेला. आणखी ६४ झाल्या. २०११ च्या थंडीत अम्मा गेली. दुसरी आवृत्ती काढू, पुढच्या वर्षी काढू, असं म्हणता म्हणता २०१९ उजाडलं.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं. वहीचा लगदा झाला होता. शाई पाण्यात गेली, कागद एकमेकांत रुतला. कॉम्प्युटरच्या पेटीतून गाळ निघाला. डोंगलच्या पोटातही गाळ. सीडींचा डबा मात्र धाकट्यानं घरी नेला, एकेक चकती नळाखाली साबणानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली. ‘अम्मा’ असं लिहिलेली सीडी चालली. त्या रात्री आम्ही दोघांनी शुकराना पढला. फाइल वाचली, म्हणजे अम्मा वाचली असं वाटलं.

सरकारी मदत, थोडी बचत, थोडी उसनवारी करून नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर इनडिझाइनची चालू आवृत्ती. सीडी घातली, फाइल उघडली. आधी एक खिडकी आली: या फाइलला लागणारे अमुक अमुक प्लग-इन तुमच्याकडे नाहीत. मग दुसरी: अमुक फॉन्ट नाहीत. ‘ठीक आहे’ म्हटल्यावर पान उघडलं. पानभर गुलाबी पट्टे आणि त्यांत इंग्रजी अक्षरं, अवग्रहासारख्या खुणा, कंस, टक्क्याची चिन्हं. अम्माच्या ओव्यांच्या जागी हे.

दुसऱ्या एका सीडीवर फॉन्ट मिळाले, ते घातले. अर्धी मराठी परत आली. अक्षरं दिसू लागली, पण जोडाक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. ती प्लग-इन बसवायचा. प्लग-इनची सीडीही होती, पण नवा प्रोग्रॅम ६४ बिटचा आणि प्लग-इन ३२ बिटचा. तो आत शिरायलाच तयार नाही. नंतर कळलं की ही अडचण नसती तरी उपयोग नव्हता, कारण इनडिझाइनच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी प्लग-इन पुन्हा नव्यानं बांधावा लागतो. सीएस-३ साठी बांधलेला प्लग-इन फक्त सीएस-३ चा. कंपनीला फोन लावला. तो नंबर आता कुणाचाच नव्हता.

इथं आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. धाकट्यानं वैतागून नव्या आवृत्तीत तीच फाइल सेव्ह करायला घेतली. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. मूळ प्रत सीडीवर होती आणि सीडीवर पुन्हा लिहिता येत नाही, एवढ्यावर निभावलं. ती हार्ड डिस्कवर असती तर आमचा परतीचा रस्ता आम्हीच बंद केला असता.

त्या आठवड्यात आम्ही बाकीच्या फाइलीही उघडून पाहिल्या. तेव्हा एक गंमत दिसली. पत्रिकांवरच्या उर्दू ओळी आम्ही इनपेजमध्ये करून चित्राच्या स्वरूपात पानावर आणायचो. त्या सगळ्या जशाच्या तशा होत्या, नस्तालीकचा एक नुक्ता हलला नव्हता. पण एका पत्रिकेतलं नाव बदलायचं म्हटलं तर काहीच करता येईना, चित्रच ते. दुसरीकडे सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता पानावर ओतायला आमच्या भाच्यानं एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती साध्या मजकुरात लिहिलेली, त्यामुळे उघडून वाचता येते. ती जुनी आवृत्ती ५.० चं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की नवा प्रोग्रॅम ती जुन्या रीतीनं चालवतो. ती पहिल्याच झटक्यात चालली. म्हणजे तीन गोष्टी तीन तऱ्हांनी वागल्या. चित्र टिकलं, पण त्याला हात लावता येत नव्हता. साध्या अक्षरांत लिहिलेली स्क्रिप्ट टिकली आणि कामालाही आली. आणि ज्याच्यावर आमचा सगळा भरवसा, तो बंद डब्यातला प्लग-इन मालकाबरोबरच गेला.

शेवटी मिरजेतले एक समव्यवसायी मदतीला आले. त्यांच्याकडे माळ्यावर एक्सपीचा जुना कॉम्प्युटर, त्यावर सीएस-३, तोच प्लग-इन आणि त्यांचं डोंगल, सगळं जागेवर. त्यांनी वर्ष-दोन वर्षांत ते सुरूही केलं नव्हतं. बटण दाबताना आम्ही तिघेही गप्प होतो. पंख्याचा आवाज आला, मग पडदा उजळला. सीडी घातली आणि अम्माची फाइल उघडली, पूर्ण, जोडाक्षरांसकट. थोरल्यानं पहिली ओवी मोठ्यानं वाचली आणि पुढं त्याला वाचता येईना.

त्या बैठकीत आम्ही दोन कामं केली. आधी सगळ्या पुस्तकाची पीडीएफ काढली, फॉन्ट आत बांधून. ती पाहायला कुठलाच प्लग-इन लागत नाही. ती आमची साक्ष. मग मजकूर वेगळा काढला आणि युनिकोडमध्ये बदलायला घेतला. बदलणारा प्रोग्रॅम मिळाला, पण तो काही जादूचा नव्हता. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तुकड्यांत ‘गा’च्या पुढं बसतो, तर ‘दर्गा’ लिहिताना युनिकोडला ‘र’ आधी लागतो. तुकड्यांची उलथापालथ करताना तो कुठं कुठं चुकला. कुठं ‘दर्गा’ मोडला, कुठं ‘कुर्बानी’. थोरला पीडीएफ वाचायचा, धाकटा पडद्यावर दुरुस्त करायचा. अब्बांच्या छापखान्यात प्रूफं अशीच वाचायचे, एकजण वाचणारा, एकजण धरणारा.

एवढं झालं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. खरी चूक त्यानंतर झाली.

नव्या प्रोग्रॅममध्ये मराठीची सोय आता अंगचीच आहे. ओळी नीट तुटतात, जोडाक्षरं आपोआप जुळतात, शुद्धलेखनही तपासता येतं. ज्या कामासाठी आम्ही बारा वर्षं प्लग-इन धरून बसलो, ते काम तो फुकटात करत होता. आम्ही हरखून गेलो. शुद्धलेखन लावलं. जिथं जिथं लाल रेघ आली तिथं सुचवलेला शब्द घेतला आणि ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबलं. ‘माज्या’चं ‘माझ्या’ झालं. ‘हुतं’चं ‘होतं’ झालं. मग थोरल्याला वाटलं, ‘अल्ला’ लिहिणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. त्यानं सगळीकडे ‘अल्लाह’ केलं. दोन तासांत पुस्तक स्वच्छ झालं. आम्ही छापील प्रत काढली आणि आपाकडे इचलकरंजीला घेऊन गेलो.

आपा आमची थोरली बहीण. ती भाकरी थापत होती. थोरल्यानं तिला ओव्या वाचून दाखवल्या. चारपाच झाल्यावर तिचा हात थांबला.

“ह्या कुणाच्या?”

“अम्माच्या. त्या राहिलेल्या.”

“अम्मा अशी कुठं बोलायची रं? ही तर बाईंची भाषा, शाळंतल्या.”

मग तिनं पिठाच्या हातानंच ती ओवी म्हणून दाखवली. ‘माज्या’ होतं तिथं ‘माज्या’. ‘अल्ला’ होता तिथं ‘अल्ला’, आणि तो तसाच असला तरच पुढच्या ओळीच्या शेवटाशी जुळत होता. आम्ही भक्तीनं ‘ह’ जोडला आणि अम्माचं यमक तोडलं. यंत्रानं तिची खेड्यातली मराठी शहरातली केली, आम्ही तिची श्रद्धा किताबी केली. पुरात जे वाहून गेलं नव्हतं ते दोन बटणांनी पुसलं.

थोरल्यानं विचारलं, “तुला किती पाठ आहेत?”

“किती म्हंजे? दळाय मीच तर बसायची तिच्यासंगं. मला इचारायचं हुतं की रं आधी!”

तीन महिने आम्ही सांगली-मिरज करत होतो, डोंगल सुकवत होतो, कंपन्यांचे नंबर शोधत होतो. इचलकरंजीला जायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आपाला ६४ पैकी ४१ येत होत्या. काहींत तिचे शब्द अम्माच्या शब्दांहून वेगळे होते. आम्ही कुठलाच खरा-खोटा ठरवला नाही. दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही पाठ छापले. उरलेल्या २३ साठी ती मिरजेत काढलेली पीडीएफच साक्ष. ती नसती तर त्या कायमच्या गेल्या असत्या. म्हणून यंत्राला नावं ठेवायची आमची हिंमत नाही. माणसाची आठवण आणि यंत्राची आठवण, दोन्ही अपुऱ्या निघाल्या. एकमेकींच्या टेकूनं पुस्तक उभं राहिलं.

त्यानंतर आम्ही दुकानात एक नोंदवही केली. नवी आवृत्ती घेण्याआधी ती उघडतो. जोडलेल्या प्रत्येक प्लग-इनची एक ओळ: हा कुणाचा, कितवा, आपलं कुठलं काम याच्यावाचून अडतं, आणि ते काम नवा प्रोग्रॅम स्वतः करतो का. करत असेल तर प्लग-इनला सन्मानानं निरोप. करत नसेल तर त्याची नवी आवृत्ती मिळते का ते आधी विचारायचं, पैसे नंतर. दोन्ही नसेल तर जुनी आवृत्ती काढायची नाही. जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि जुन्या फाइलीची नक्कलच नव्यात उघडायची. रमजानच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर काहीही बदलायचं नाही. संपलेल्या प्रत्येक कामाची एक पीडीएफ आणि एक साधी युनिकोडची मजकूर-फाइल, आणि त्याची एक प्रत गावाबाहेर, आपाकडे. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीनं टाइप-१ जातीच्या जुन्या फॉन्टचा आधार काढून घेतला, तेव्हा आमच्या ओळखीच्या काही दुकानांत धावपळ झाली. आमची नोंदवही तोवर भरलेली होती. आम्ही त्या दिवशी शांतपणे चहा प्यालो.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर मात्र प्लग-इनचं नाव नाही. तिथं थोरल्यानं लिहून ठेवलंय: ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबायचं नाही. एकेक शब्द बघायचा. आणि अम्माच्या पुस्तकासाठी आम्ही नव्या प्रोग्रॅमच्या शब्दकोशात तिचे शब्द भरले. माज्या, हुतं, ऱ्हायलं, अल्ला. आता त्यांच्याखाली लाल रेघ येत नाही. पुढची आवृत्ती घेऊ तेव्हा ही यादी बरोबर न्यायची, असंही तिथंच लिहिलंय.

मिरजेच्या त्या गृहस्थांनी तो जुना कॉम्प्युटर आम्हाला देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत, अम्माच्या पुस्तकाच्या दोन प्रती मागून घेतल्या. तो आता आमच्या नव्या फळीवर आहे. महिन्यातून एकदा धाकटा तो सुरू करतो, पंखा फिरतो का बघतो आणि बंद करतो. फळी या वेळी वरच्या रेषेच्या दोन हात वर ठोकली आहे. तेवढं पुरेल, असं आता आम्ही कुणालाच सांगत नाही.